अडीच फुटी गाडी आणि आठ मिलिमीटरचे गणित

पाचोरा-जामनेरची छोटी गाडी लेगोच्या ठोकळ्यांत उभी करायची, असे ठरवल्यावर सर्वांत आधी गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, प्रश्न सोडवावा लागला. लेगोच्या तयार रुळांत दोन पट्ट्यांमधले आतले अंतर ३७.५ मिलिमीटर असते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे आहे. भागाकार केला तर प्रमाण १:४५ च्या अगदी जवळ येते, आणि या प्रमाणात लेगोची चार सेंटिमीटर उंचीची बाहुली १ मीटर ८० सेंटिमीटरची होते, म्हणजे फलाटावर उंचापुरा माणूस म्हणून सहज खपून जाते. युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांशी हाच हिशेब मांडला, तर बाहुली जेमतेम दीड मीटरची भरते. डेन्मार्कमध्ये मुलांसाठी घडवलेला हा रूळ त्यांच्या गाड्यांपेक्षा आमच्या भुसावळ-मनमाड मार्गालाच अधिक नेमका बसतो, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. अडचण होती ती पीजेची, म्हणजे याच पाचोरा-जामनेर गाडीची. तिचे गेज अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. याच प्रमाणात ते सुमारे १७ मिलिमीटर होते आणि या मापाचा रूळ तयार मिळत नाही. पीजे एकटीच मांडली असती, तर तयार रुळावर तीच मोठी करून भागले असते. परंतु मोठ्या गाडीच्या शेजारी उभी केल्याशिवाय तिचे छोटेपण डोळ्यांत भरत नाही. पाचोऱ्याला उतरून मुंबईकडच्या गाडीकडे पाठ करून पीजेकडे वळताना जे वाटे, ते दाखवायचे असेल तर दोन्ही रूळ एकाच प्रमाणात शेजारी-शेजारी येणे भाग होते.

पीजे हे आमच्या भागातले तिचे घरगुती नाव. पाचोऱ्याहून निघून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला पोहोचणारा हा मार्ग ५६ किलोमीटरचा होता आणि शंभर वर्षांच्या आसपास चालला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि त्या रूपात पुन्हा धावली नाही. माझे आजोळ शेंदुर्णीकडचे असल्यामुळे लहानपणी तिच्यातून बराच प्रवास झाला, पण डब्याच्या खिडक्यांना गज किती होते, पायरी दारापासून किती खाली होती, हे मला कुणी विचारले असते तर सांगता आले नसते. ज्या वस्तूत बसून आपण वर्षानुवर्षे फिरतो तिची मापे आपल्याला ठाऊक नसतात, हे ती बांधायला घेतल्यावर समजते.

या छंदात मी खेळण्याच्या वाटेने आलोच नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाचे सुटे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात मी साच्यांचे काम पाहतो. भाच्याच्या वाढदिवसासाठी आणलेल्या संचातले दोन ठोकळे सहज हातात घेऊन जोडले, सोडवले आणि माझे लक्ष त्यांच्या घडणीकडे गेले. वर दोन बाय चार गोल उंचवटे, म्हणजे स्टड, असलेल्या ठोकळ्याची लांबी दर स्टडामागे ८ मिलिमीटरच्या हिशेबाने ३२ मिलिमीटर यायला हवी, पण व्हर्नियर लावला तर ती ३१.८ भरते. प्रत्येक बाजूने एक दशांश मिलिमीटर मोकळा सोडलेला असतो, म्हणून भिंतीत कितीही ठोकळे शेजारी बसवले तरी ते एकमेकांना रेटत नाहीत. पकड मात्र वरच्या गोल स्टडांची आणि आतल्या नळ्यांची. ती इतकी नेमकी, की मुलाच्या बोटांनी निघावी आणि उचलताना आपोआप सुटू नये. ठिबकच्या जोडात गळती नको म्हणून आम्ही जेवढे जपतो, त्याहून ही शिस्त कडक आहे. ठोकळा ज्या एबीएस प्लास्टिकमधून ओततात, त्याचा आकसण्याचा स्वभाव ओळखून साचा कापावा लागतो, आणि एकाच ठोकळ्यात ते साधणे वेगळे व दशकानुदशके साधत राहणे वेगळे. आत नळ्या असलेल्या या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाले आणि त्या काळातला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. पेटंटची मुदत केव्हाच संपल्यामुळे तसेच ठोकळे इतरही अनेक जण बनवतात. त्यांतले काही उत्तम असतात. काहींच्या कडेला गेटची, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरते त्या तोंडाची, खूण राहिलेली दिसते आणि पकड एका खोक्यात घट्ट तर दुसऱ्यात सैल लागते. मी दोन्ही प्रकार वापरतो, पण भार झेलणाऱ्या जागी सैल पकडीचा ठोकळा लावत नाही.

सुरुवातीला इतरांप्रमाणे मीही तयार संच घेतले आणि पुस्तिकेबरहुकूम बांधले. त्यात कमीपणा नाही. कोन कसे वळवायचे, भिंत आतून कशी बांधायची, हे त्या पुस्तिकाच शिकवतात. मला पटत नाही ती सीलबंद खोकी गुंतवणूक म्हणून साठवण्याची रीत. २००८ मध्ये ५९२२ तुकड्यांचा ताजमहाल निघाला होता. तो बंद झाल्यावर त्याचे भाव आभाळाला भिडले आणि २०१७ मध्ये जवळजवळ तोच संच पुन्हा बाजारात आला, तेव्हा खोकी दाबून बसलेल्यांचा हिशेब कोलमडला. सोने घेऊन ठेवायला आमचे जळगाव पुरेसे प्रसिद्ध आहे, त्यासाठी ठोकळ्यांची गरज नाही. संग्रह म्हणजे हाताशी असलेल्या सुट्या तुकड्यांची ओळख, असे मी मानतो. दोन बाय चारचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तरी ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात एखादी ठरावीक वस्तू बांधायची म्हटली की त्यातले एक-दोनच प्रकार चालतात आणि तेही सहजासहजी सापडत नाहीत.

आराखडा मी आधी संगणकावर करतो. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये एलड्रॉ नावाची प्रणाली तयार केली आणि तिच्यातल्या तुकड्यांच्या संग्रहावर आजची बहुतेक मोफत साधने उभी आहेत. मी वापरतो ते ‘स्टुडिओ’ त्यांपैकीच एक. पडद्यावर तुकडा बसवताना तो खरोखर त्या रंगात निघतो की नाही, हेही कळते, आणि माझा निम्मा वेळ याच एका गोष्टीत गेला. भारतीय रेल्वेचे डबे निळे होण्यापूर्वी सर्रास ज्या विटकरी-तांबड्या रंगाचे असत, तो मला हवा होता. लेगोतला गडद तांबडा त्याच्या जवळ जातो, परंतु त्या रंगात सगळे आकार मिळत नाहीत. साधे ठोकळे आणि प्लेटा, म्हणजे पातळ ठोकळे, मिळतात. हवे ते कंस, हव्या त्या चौकटी मिळतीलच असे नाही. त्यामुळे डब्याची भिंत कशी बांधायची, हे मी ठरवले असे म्हणण्यापेक्षा उपलब्ध तुकड्यांच्या यादीने ठरवले, असे म्हणणे खरे होईल.

सुटे तुकडे मिळवण्याची मोठी जागा म्हणजे ब्रिकलिंक हे संकेतस्थळ. २००० मध्ये डॅन येझेक यांनी सुरू केलेला हा बाजार २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतला. तिथे जगभरचे विक्रेते एकेक तुकडा विकतात, पण आपल्याकडे येईपर्यंत त्यावर आयात शुल्क चढते. खेळण्यांवरचे मूळ सीमा शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. टपालखर्च वेगळा. म्हणून पुण्या-मुंबईकडच्या छंदींबरोबर मागणी एकत्र करणे, देशातल्या देशात अदलाबदल करणे आणि जुन्या संचांचे मिश्र ढीग किलोच्या भावाने घेणे, हे मार्ग अधिक परवडतात. ढीग आला की धुणे आणि वर्गवारी. नवखा माणूस हटकून रंगानुसार वर्गवारी करतो. ती आकारानुसार करावी, कारण मिश्र रंगांच्या खणातून तांबडा तुकडा डोळ्यांना लगेच सापडतो, मात्र तांबड्याच तुकड्यांच्या खणात एक बाय एकची क्लिप शोधताना जीव मेटाकुटीला येतो. माझ्याकडे नट-बोल्ट ठेवायचे पारदर्शक खणांचे कपाट आहे. प्रत्येक खणावर आतला एक तुकडा चिकटवून ठेवला आहे, त्यामुळे नावे लिहावी लागत नाहीत.

आता रुळाविषयी. लेगोची आडवी मापे ८ मिलिमीटरच्या पटीत चालतात, कारण दोन स्टडांच्या मध्यांतले अंतर तेवढे असते. मला हवे होते १७ मिलिमीटर, तेही आतून आत. रूळ म्हणून एक स्टड रुंदीची टाइल, म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत पट्टी, लावली, तर ती १:४५ प्रमाणात ३६ सेंटिमीटर रुंद होते; रूळ कसला, ती फरशीच दिसते. म्हणून ३.२ मिलिमीटर जाडीची सळई घेतली, जी बाहुल्यांच्या हातात भाला किंवा दांडा म्हणून बसते. क्लिप असलेल्या एक बाय एकच्या टाइलांवर ही सळई आडवी बसते. परंतु दोन्ही सळया स्टडांच्या मध्यावर बसवल्या, तर मध्यांतले अंतर १६ किंवा २४ मिलिमीटरच येऊ शकते, आणि आतून मोजले की एक फार अरुंद व दुसरे फार रुंद. तोड निघाली ती अर्ध्या स्टडाची. एक बाय दोनच्या ज्या प्लेटेवर दोनऐवजी मधोमध एकच स्टड असतो, ती एका बाजूला सर्वत्र घातली. त्यामुळे त्या बाजूची सळई ४ मिलिमीटर सरकली. मध्यांतले अंतर २० मिलिमीटर झाले, त्यातून सळईची जाडी वजा जाता आतले अंतर १६.८ उरले आणि ४५ ने गुणल्यावर ७५६ मिलिमीटर आले. अडीच फुटी गेजशी अवघा ६ मिलिमीटरचा फरक! त्या रात्री घरात हे सांगायला कुणी जागे नव्हते, म्हणून मी व्हर्नियर लावून पुन्हा मोजले. स्लीपर गडद करड्या टाइलांचे केले आणि त्यांच्या फटींत खडीसाठी एक बाय एकच्या गोल प्लेटा दोन करड्या छटांत मिसळून टाकल्या. या रुळावर लेगोची चाके चालत नाहीत, गाडी उभीच राहते. प्रदर्शनात गाडी फिरवण्याचा आग्रह मला नाही. पाहणारा फिरणाऱ्या गाडीकडे पाहतो. उभ्या गाडीत तो खिडक्या मोजतो.

पीजेचा डबा सहा स्टड रुंदीचा झाला, म्हणजे खऱ्या मापात २ मीटर १६ सेंटिमीटर. खिडक्यांचे आडवे गज दाखवण्यासाठी एक बाय दोनच्या काळ्या जाळीदार टाइला वापरल्या, ज्या मुळात यंत्रांच्या झरोक्यांसाठी असतात. त्या उभ्या भिंतीत बाहेर तोंड करून बसवायच्या तर त्यांना धरणारे स्टड आडवे हवेत. इथे लेगोचे एक जुने गणित कामी येते : प्लेटेची जाडी ३.२ मिलिमीटर, तिची पाचपट १६, आणि दोन स्टडांची रुंदीही १६. एकावर एक ठेवलेल्या दोन जाळ्या बरोबर पाच प्लेटांच्या उंचीत बसतात, वर-खाली नखभरही फट उरत नाही. खिडकी खऱ्या मापात ७२ सेंटिमीटर बाय ७२ सेंटिमीटरची होते. दोन खिडक्यांच्या मधली पट्टी एका स्टडाची ठेवली. छायाचित्रांत ती याहून थोडी बारीक दिसते, परंतु अर्धा स्टड धरला असता तर संपूर्ण भिंत खिळखिळी झाली असती, आणि प्रदर्शनाला नेण्याजोगी वस्तू बांधताना अशा जागी मी मजबुतीच्या बाजूने उभा राहतो. छत करड्या वक्र तुकड्यांचे. इंजिन झेडडीएम या नॅरोगेज वर्गाचे डिझेल घेतले. त्याविषयी विशेष सांगण्याजोगे काही नाही, कारण चौकोनी बोनेटचे इंजिन ठोकळ्यांना सोपे जाते.

मोठ्या गाडीचा डबा उलट त्रास देत राहिला. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, जुना डबा ३ मीटर २४ सेंटिमीटर रुंद आणि २१ मीटर ३४ सेंटिमीटर लांब. प्रमाणात तो नऊ स्टड रुंद आणि एकोणसाठ स्टड लांब होतो. विषम रुंदीला मध्यभागी स्टड येतो, तर तयार रेल्वेचा सांगाडा सम रुंदीचा. त्यामुळे सांगाडा व पेटी यांच्यामध्ये पुन्हा त्याच एका स्टडाच्या प्लेटा घालून अर्धा स्टड सरकवावे लागले. लांबी मात्र मी कापली. अख्खा डबा जवळजवळ अर्ध्या मीटरचा होतो आणि एवढ्या तांबड्या ठोकळ्यांचा खर्च मला झेपणारा नव्हता, म्हणून तो फलाटाच्या टोकाशी अर्धाच दाखवला आहे, जणू बाकीचा चित्राबाहेर गेला. दोन्ही गाड्यांच्या तोंडाशी एक भेद आवर्जून ठेवला. मोठ्या डब्याला डावी-उजवीकडे धक्का झेलणारे दोन बफर असतात आणि पीजेला मधोमध एकच. तो एक गोल तुकडा बसवायला क्षणही लागत नाही, पण जाणणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

फलाटावर लिंबाचे झाड, पाण्याचे नळ, बाकडी आणि पिवळी पाटी. पाटीवर देवनागरी अक्षरे ठोकळ्यांतून काढणे या आकारात अशक्य आहे. कडवे छंदी स्टिकर लावणे बाटलेपणाचे मानतात. मी सरळ गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्या रेडियमच्या दुकानात गेलो आणि काळ्या रेडियममध्ये ‘पाचोरा’ कापून घेतले. दुकानदाराने एवढी बारीक अक्षरे कशाला, असे विचारले आणि कारण ऐकल्यावर पैसे निम्मेच घेतले.

खानदेशात हा छंद सांभाळायचा म्हणजे उन्हाशी आणि धुळीशी गाठ आहे. एबीएस काही ४५ अंशांना वितळत नाही, परंतु अतिनील किरणांनी त्यातल्या रबरी घटकाचे ऑक्सिडीकरण होऊन पांढरे आणि फिकट करडे ठोकळे पिवळे पडतात. म्हणून काचेचे कपाट उत्तरेच्या भिंतीला आहे आणि त्या खोलीचे पडदे चैत्रापासून मृगापर्यंत उघडत नाहीत. दुसरा परिणाम प्रसरणाचा. एक मीटर लांबीचे एबीएस थंडीतल्या पहाटेच्या १५ अंशांपासून मेमधल्या ४५ अंशांपर्यंत सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर वाढते. लांब मांडणी एकसंध जोडली, तर ती उन्हाळ्यात मधेच फुगून उचलली जाते. त्यामुळे माझी मांडणी ३२ स्टडांच्या, म्हणजे २५.६ सेंटिमीटरच्या भागांत विभागलेली आहे आणि भागांमध्ये केसाएवढी फट ठेवली आहे. धुळीसाठी रुंद, मऊ ब्रश आठवड्यातून एकदा. धुवायचे तर पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे, असे कंपनीच सांगते, आणि मे महिन्यात दुपारी आमच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून याहून गरम येते. त्यामुळे ठोकळे धुण्याचे काम भल्या पहाटे किंवा माठाशेजारच्या बादलीतल्या पाण्याने.

मांडणी गेल्या गणेशोत्सवात पाचोऱ्याला एका मंडळाच्या सभागृहात ठेवली. नेण्यासाठी केळीच्या निर्यातीला वापरतात ती जाड पुठ्ठ्याची खोकी मिळवली; त्यांत एकेक भाग बसवून भोवती जुन्या सुती साड्यांचे बोळे कोंबले. गाड्या वेगळ्या, छत वेगळे, झाडे वेगळी. रस्त्याने नेण्यापेक्षा पॅसेंजरने नेले, कारण आमच्या रस्त्यांवरचा एक खड्डा सैल पकडीची अख्खी भिंत सोडवायला पुरतो. टेबल कंबरेच्या उंचीचे घेतले आणि समोर ॲक्रिलिकची बुटकी पट्टी लावली. मुलांना नुसते ‘हात लावू नका’ म्हणून भागत नाही, म्हणून शेजारच्या टेबलावर दोन परातींत सुटे ठोकळे ठेवले. हात तिकडे गुंतले की इकडे सुरक्षित राहते. प्रकाश वरून, किंचित पिवळसर. समोरून पांढरा दिवा लावला तर टाइला चमकतात आणि खिडक्यांतले गज दिसेनासे होतात.

मुले मोठ्या गाडीकडे पाहत होती आणि वयस्कर मंडळी छोट्या गाडीकडे. गँगमन म्हणून निवृत्त झालेले एक आप्पा काठी टेकत आले, वाकून बघितले आणि मागे वळून आपल्या सोबत्याला मोठ्याने म्हणाले, “हाई ते आपली पीजे शे ना भो!” मग मधला बफर पाहिला, रुळाजवळ बोट नेऊन हवेतच अंतर मोजले आणि मान डोलावली. मी कौतुकाची वाट पाहत होतो, त्यांनी विचारले, “आन गार्डना डबा कोठे शे?”

तो मी बांधलेलाच नव्हता. दोन डबे आणि इंजिन एवढेच खर्चात बसत होते. “आप्पा, तो बाकी आहे,” असे म्हणालो, तेव्हा त्यांनी गार्डाचा कप्पा शेवटच्या डब्यातच धरता येईल, असे सुचवले आणि दार कोणत्या टोकाला ठेवायचे, तेही सांगितले. सध्या त्याच डब्याचा आराखडा पडद्यावर उघडा आहे. टोकाच्या दोन खिडक्या काढून तिथे दार घातले की बाकांची एक जोडी कमी होते आणि छत तसेच राहते. दारासाठी हवी असलेली अरुंद चौकट गडद तांबड्या रंगात निघत नाही. ती काळ्या रंगात घ्यायची की तांबड्या टाइला आडव्या बसवून चौकटीचा आभास करायचा, एवढे ठरले की पुण्याच्या मंडळींच्या पुढच्या मागणीत माझी यादी जाईल.